चुंबकीय गाभा स्मृती

फेराइट या लोहयुक्त चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्या तारांच्या जाळीत ओवून तयार केलेली संगणकाची मुख्य स्मृती. एका कडीत एक बिट, म्हणजे ० किंवा १ हा एक अंक, साठतो. साधारणपणे १९५५ ते १९७५ या काळात मोठ्या संगणकांत हिचाच वापर होता. व्यवहारात तिला नुसते ‘कोअर’ म्हणत. ‘कोअर डंप’ (स्मृतीतील मजकुराची जशीच्या तशी नोंद) हा शब्दप्रयोग तिच्यानंतरही टिकून आहे.

कडीचे चुंबकन उजवे किंवा डावे असते. त्यांपैकी एक दिशा ० व दुसरी १ मानतात. फेराइटचा चुंबकीय मंदायन वक्र (प्रवाहानुसार चुंबकन कसे बदलते ते दाखवणारा आलेख) जवळजवळ चौकोनी असल्याने ठरावीक मर्यादेखालचा प्रवाह कडीवर कायमचा परिणाम करत नाही, मर्यादा ओलांडली की मात्र ती एकदम उलटते. म्हणून एका आडव्या व एका उभ्या तारेतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडला, तर दोन्ही तारा जिच्यातून जातात तेवढी एकच कडी उलटते. ३२ × ३२ कड्यांच्या पटलावरील १,०२४ कड्यांपैकी हवी ती निवडण्यास त्यामुळे ६४ तारा पुरतात. वाचताना कडी ० कडे ढकलतात. ती १ असेल, तर उलटताना तिसऱ्या, संवेदक तारेत स्पंद उमटतो. वाचनाने माहिती पुसली जाते, म्हणून ती त्याच आवर्तनात परत लिहावी लागते. जिथे ० राखायचा, तिथे चौथ्या, रोधक तारेतून विरुद्ध प्रवाह सोडतात. वीज गेली तरी चुंबकन टिकते.

शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. लॉस अँजेलिसमधील रस्ते-निरीक्षक फ्रेडरिक व्हीही यांनी १९४७ मध्येच पेटंटसाठी अर्ज केला होता. त्यांचे हक्क पुढे आयबीएम या संगणक कंपनीने घेतले. हार्व्हर्ड विद्यापीठात आन वांग यांनी ऑक्टोबर १९४९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते १९५५ मध्ये मंजूर झाले व पुढच्याच वर्षी आयबीएमला ५ लाख डॉलरना विकले गेले. मात्र वांग यांच्या रचनेत कड्या साखळीसारख्या एकामागोमाग जोडलेल्या होत्या. वाचून पुसलेली माहिती पुन्हा लिहिता येते, ही त्यांची खरी देणगी. जाळीतून हवी ती कडी निवडण्याची कल्पना एमआयटी या अमेरिकी तंत्रविद्यापीठातील जे फॉरेस्टर यांच्या १९४९ च्या टिपणवहीत आढळते, पण त्यांचा अर्ज मे १९५१ चा. आरसीए या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचे यान राइकमन यांनी त्याआधी, सप्टेंबर १९५० मध्ये अर्ज केला होता. पेटंटवादाच्या १९६० च्या निवाड्यात काही दावे राइकमन यांच्या पारड्यात पडले. अखेर १९६४ मध्ये आयबीएमने फॉरेस्टर यांच्या पेटंटपोटी एमआयटीला १.३ कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. अर्जांच्या तारखांपेक्षा चालते यंत्र हा निकष धरला, तर फॉरेस्टर यांचे पारडे जड ठरते. त्यांच्या गटाने १९५३ मध्ये एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकातील स्मृतीच्या बेभरवशाच्या स्थिरविद्युत नलिका काढून तेथे फेराइटची स्मृती बसवली.

सुरुवातीच्या कड्यांचा व्यास सुमारे २ मिमी. होता, पुढे तो अर्ध्या मिमी.च्याही खाली आला. त्या ओवण्याचे काम बहुतांशी स्त्रिया हातांनी करत. १९६० नंतर ते काही प्रमाणात जपान व तैवानकडे गेले. पेटंटांच्या इतिहासात या कुशल हातांना स्थान मिळालेले नाही, ही त्या इतिहासातील मोठी उणीव आहे. अपोलो यानांच्या संगणकातील कायमस्वरूपी ‘दोरस्मृती’ही हातांनीच विणलेली होती, परंतु तिचे तत्त्व वेगळे. तीत तार कडीतून जाते की बाहेरून, यावर १ किंवा ० ठरतो. कडीच्या चुंबकनावर नव्हे.

भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः रचलेल्या टिफ्रॅक या संगणकात ही स्मृती होती. १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या या यंत्रात निर्वात नलिका सुमारे २,७०० व स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. रचनेची धुरा रं. नरसिंहन यांच्याकडे होती.

१९७० मध्ये इंटेलची ११०३ ही १,०२४ बिटांची अर्धसंवाहक स्मृती-चिप बाजारात आली आणि काही वर्षांतच नव्या संगणकांतून कड्या हद्दपार झाल्या. वीज गेल्यावरही माहिती टिकत असल्याने लष्करी व अवकाश उपकरणांत मात्र त्या पुढेही राहिल्या.