काळ्या कपड्यांतली बाई

नोव्हेंबर १९१२. अमेरिकेतलं एक कुटुंब मोठ्या, बरीच वर्षं बंद असलेल्या घरात राहायला गेलं. काही दिवसांतच सगळ्यांची डोकी धरू लागली, मुलं फिकी पडली, कुंड्यांतल्या झाडांनी माना टाकल्या. रात्री रिकाम्या खोल्यांत पावलं वाजायची. घरच्या यजमानांना कोणीतरी पाठीमागून चालतंय असं वाटे. एका सकाळी बाई जेवणघरात शिरल्या, तर पलीकडच्या टोकाला एक अनोळखी स्त्री: काळे केस, काळे कपडे. त्या तशाच पुढे गेल्या. ती स्त्री नाहीशी झाली. समोर होता आरसा, आणि आरशात फिकट रेशमी पोशाखातल्या त्या स्वतः.

नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी १९२१ साली छापलेल्या शोधनिबंधात ही हकीकत आहे. कुटुंबाचं नाव दिलेलं नाही, नुसतं 'एच'. दोष सापडला तो घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीत. तिचा धूर धुराड्यातून वर न जाता घरात पसरत होता आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड होता.

या वायूला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के. त्यामुळे पहिली झळ त्यालाच बसते: डोकेदुखी, गोंधळ, कधी भास. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही इथे फसतो. वायूने अडवलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं.

भुताची गोष्ट म्हणून मला ही हकीकत सांगायची नाही. आपल्याकडे बंद न्हाणीघरातला गॅस गीझर हेच करतो. कोंडलेल्या हवेत ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि हाच वायू तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला वास गळती झाली तर सावध करतो, पण जळताना तोही जळून जातो. आतल्या माणसाला काही कळतच नाही. म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा.

आणि घरातल्या दोघा-चौघांचं डोकं एकाच वेळी, ताप नसताना दुखत असेल, कोणी विचित्र वागू लागलं असेल, तर देवऋषी किंवा घराण्यातलं जुनं पाप शोधण्याआधी एवढं विचारा: घराबाहेर पडल्यावर बरं वाटतं का? वाटत असेल तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, गॅस बंद करा आणि दवाखाना गाठा. तिथे रक्त तपासून या वायूचं प्रमाण नेमकं कळतं.