ओझेम्पिक आणि वेगोवी: औषध एकच, मग नावं दोन कशाला?

या दोन इंजेक्शनांची खोकी शेजारीशेजारी ठेवा. मोठ्या अक्षरांत एकावर ओझेम्पिक, दुसऱ्यावर वेगोवी. आता त्याखालची बारीक अक्षरं वाचा. दोन्हीकडे एकच शब्द सापडेल: सेमाग्लुटाइड. कंपनीही एकच, डेन्मार्कची नोवो नॉर्डिस्क. त्यामुळे ‘अहो, दोन्ही एकच की!’ असं कोणी म्हणालं तर ते खोटं नाही. पण एवढ्यावरच थांबलं की घोटाळा होतो.

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक पाझरतं. साखर वाढलेली असेल तर ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देतं. पण दोनेक मिनिटांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. सेमाग्लुटाइड हा या संप्रेरकाचा तोतया. तो शरीराला सहज मोडता येत नाही. निम्म्यावर यायला त्याला साधारण आठवडा लागतो. म्हणून दोन्ही इंजेक्शनची पेनं आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी टोचायची.

फरक सुरू होतो तो औषध कशासाठी दिलंय, इथून. अमेरिकेत औषधांना परवाना देणाऱ्या एफडीएने ओझेम्पिकला डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता दिली ती टाइप २ मधुमेहासाठी. वेगोवीला जून २०२१ मध्ये मिळाली ती वजनासाठी: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ३० किंवा जास्त असेल, किंवा २७ किंवा जास्त असून सोबत रक्तदाब, कोलेस्टेरॉल असं वजनाशी जोडलेलं दुखणं असेल, तर. ओझेम्पिकने वजन उतरतं, हे खरंच आहे. पण त्याच्या परवान्यात वजन हा उद्देश नाही. वजनासाठी ते दिलं जातं तेव्हा डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर, परवान्याबाहेर देत असतात.

दुसरा फरक डोसचा, आणि माझ्या मते खरा तोच. दोन्हींची सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने होते. ओझेम्पिक पुढे ०.५, १ आणि फार तर २ पर्यंत जातं. वेगोवी ०.५, १, १.७ अशा पायऱ्या चढत २.४ ला पोचतं. दर पायरीवर चार आठवडे. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून हिरमुसणारे बरेच असतात. पण ०.२५ चा डोस वजनासाठी नसतोच, पोटाला सवय व्हावी म्हणून असतो. घाईने वरच्या पायरीवर उडी मारली की मळमळ, उलट्या, जुलाब नाहीतर बद्धकोष्ठता यांनी माणूस हैराण होतो आणि औषधच सोडून देतो.

डोसने किती फरक पडतो? ‘स्टेप २’ या चाचणीत मधुमेह आणि जास्त वजन असलेल्या १,२१० जण होते: काहींना सेमाग्लुटाइड १ मिलिग्रॅम दिलं गेलं, काहींना २.४, काहींना औषध नसलेलं नुसतं दिखाऊ इंजेक्शन. ६८ आठवड्यांनी वजन सरासरी अनुक्रमे ७ टक्के, ९.६ टक्के आणि ३.४ टक्के उतरलं. सगळीकडे ऐकू येणारा ‘१५ टक्के’ हा आकडा वेगळ्या चाचणीतला, मधुमेह नसलेल्यांचा आहे. मधुमेह असला की तेच औषध वजन कमी उतरवतं. ओझेम्पिक घेणाऱ्या मधुमेह्याने तो आकडा मनात धरला, तर निराशा ठरलेलीच. (मौंजारोही याच रांगेत बसवतात, पण ते टिर्झेपॅटाइड, म्हणजे औषधच वेगळं.)

चुका दोन्ही बाजूंनी होतात. नावं वेगळी म्हणून एक साखरेसाठी, एक वजनासाठी अशी दोन्ही पेनं सोबत घेतली, तर एकाच औषधाचा डोस दुप्पट होतो. उलट, ‘वेगोवी तर वजनाचं’ असं समजून मधुमेहाच्या डॉक्टरांना सांगितलंच नाही आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणारं ग्लिमेपिराइड पूर्वीइतकंच चालू राहिलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. सावधगिरी दोन्हींची सारखीच: घरात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग असेल तर घेऊ नये, गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावं, पोटात सतत जोरात दुखलं तर स्वादुपिंडाला सूज आहे का ते पाहावं.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. मधुमेहासाठी ओझेम्पिक घेणाऱ्याला ‘बंद कधी करणार?’ असं कोणी विचारत नाही. वेगोवीवाल्याला मात्र पहिल्या दिवसापासून हाच प्रश्न. लठ्ठपणाही वर्षानुवर्षं चालणारा आजार आहे, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचं चाचणीत दिसलंय.

कधी शस्त्रक्रियेची वेळ आली तर ‘ते वजनाचं इंजेक्शन’ एवढंच सांगू नका. सेमाग्लुटाइड, इतका डोस, शेवटचं अमुक वारी, असं सांगा. जठर हळू रिकामं होत असल्यामुळे उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळायला हवं.