जांभूळमाळ

जांभूळमाळ : मुंबईतील सर्वांत उंच डोंगरमाथा. तो बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, साष्टी बेटाच्या मध्यभागी पसरलेल्या काळ्या पाषाणाच्या डोंगररांगेत असून त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ४६८ मी. आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) लक्षात घेता ही उंची अल्प होय, परंतु चढण सखल किनारपट्टीवरून सुरू होत असल्याने तिचा मोठा भाग पायीच चढावा लागतो आणि मुंबईच्या दमट हवेत तो चांगलाच दमवतो.

माथ्यावर वर्दळ नसते, पण त्याचे कारण ही चढण नव्हे. उद्यानातील कान्हेरी लेण्यांपर्यंत रस्ता जातो व सुटीच्या दिवशी तेथे मोठी गर्दी लोटते. त्यापलीकडील जंगल मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून वनविभागाच्या परवानगीशिवाय तेथे पाऊल टाकता येत नाही. शिवाय याच डोंगरांचे पाणी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) या तलावांत उतरते व ते आजही शहराला पिण्यासाठी पुरवले जात असल्याने पाणलोट क्षेत्रातील वावरावर निर्बंध आहेत. हे निर्बंध जाचक वाटले तरी रास्तच आहेत. सुमारे १०४ चौ. किमी.च्या या वनाला चहूबाजूंनी वस्तीने वेढले असताना बिबट्याला निवांत राहता येईल अशी जागा दुसरीकडे उरलेली नाही.

ज्यांना रीतसर परवानगी मिळते, त्यांनी ऋतूचा विचार आधी करावा. पावसाळ्यात ओढे भरतात, खडक शेवाळतो आणि माथा ढगात असतो. पाऊस सरताच हवा धुतल्यासारखी स्वच्छ होऊन दूरवरचे दिसते, पण तेव्हाच गवत पुरुषभर वाढून पायवाट बुजलेली असते, म्हणून वाटेचा जाणकार सोबत हवाच. उतारांवरील कारवी साधारणपणे सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. तो बहर गाठता आला, तर त्याइतके मोलाचे दर्शन या डोंगरात दुसरे नाही. हिवाळ्यात चालणे सुखाचे, मात्र शहरावरील धुरक्यामुळे दृश्य हरवते. उन्हाळ्यात पाणी आटते आणि वाळल्या गवताला ठिणगीही पुरते, त्यामुळे विडी-सिगारेट वा चूल पेटवणे सर्वथा वर्ज्य मानावे. बिबट्याचा वावर सायंकाळनंतर वाढतो. त्यामुळे पहाटे नव्हे, तर चांगले उजाडल्यावर निघून दिवस मावळण्यापूर्वी जंगलाबाहेर पडणे आवश्यक आहे.