महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्या

मुंबईच्या कोटातले सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले, पण ते कंपनीच्या इंग्रजांचे. मराठी माणसांच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा (स्थानिक ख्रिस्ती समुदायांचा) इतिहास त्यानंतर जवळजवळ शतकाने सुरू होतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परत धाडायच्या बेतात होते. तरी ते चिकटून राहिले आणि ‘अमेरिकन मराठी मिशन’ उभे राहिले.

मागोमाग इतर मिशने आली आणि मुलूख वाटला गेला. नगर व सोलापूर अमेरिकन मराठी मिशनकडे, नाशिक अँग्लिकनांच्या (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्यांच्या) चर्च मिशनरी सोसायटीकडे, पुणे, जालना व नागपूर स्कॉटिश मिशनऱ्यांकडे, तर कोल्हापूर, सांगली व मिरज अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे. त्यामुळे एखादे घराणे कोणत्या पंथाचे, हे बहुधा धर्मतत्त्वांपेक्षा त्याच्या तालुक्यावरून ठरले. परदेशातली भांडणेही अशीच आयती पदरात पडली. १८४३ मध्ये स्कॉटलंडचे चर्च फुटले, मुंबईतले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन व त्यांचे सहकारी फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेले आणि मुंबईतल्या शाळेची इमारत जुन्या चर्चकडे राहिली. त्या वादाशी इथल्या बाप्तिस्मा घेतलेल्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

सर्वांत खोल मुळे धरली ती अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात. तिथले मिशनचे केंद्र १८३१ चे. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा तिथल्याच, आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये तिथेच सुरू झाले. आरंभी हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक असे मोजके ब्राह्मण आले. पुढे खेड्यापाड्यांतली मंडळी मात्र मुख्यतः महार-मांग समाजांतून वाढली. दुष्काळांत मिशनने अनाथालये व कामे काढली, तेव्हा संख्या भराभर वाढली. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा त्या काळापासूनचा. त्यात शाळेचे आणि गावकीतून सुटण्याच्या आशेचे आकर्षण सोयीस्करपणे विसरले जाते.

अमेरिकन मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे असल्याने त्यात बिशप (धर्मप्रांताचा प्रमुख) नव्हता. कारभार मंडळीच्या हाती असे. उपासना मात्र बराच काळ परक्या चालींवर चाले. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग-भजनांनी गायनाचा बाजच बदलून टाकला. आजही अनेक मंडळ्यांत रविवारी टिळकांची पदे पेटी-तबल्यावर म्हटली जातात. पंथ कोणता, याने त्यात फरक पडत नाही. महाराष्ट्राच्या प्रॉटेस्टंटांना एकत्र बांधले ते पंथांच्या एकीकरणाच्या ठरावांपेक्षा या पदांनी, असे म्हणणे वावगे ठरू नये.

नाशिकजवळचे शरणपूर हे अँग्लिकनांचे गाव. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे शिकवले जाई. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृतदेह तिथल्या किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांपैकी जेकब वेनराइट हा शरणपूरचाच विद्यार्थी. या सगळ्या वाटणीबाहेर राहिल्या त्या पंडिता रमाबाई. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये झालेल्या धार्मिक जागृतीची नोंद पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या) पंथाच्या इतिहासकारांनी आवर्जून घेतली आहे.

काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९२४ मध्ये ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त एकवटल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात हे चर्च, अँग्लिकन आणि आणखी चार पंथ मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ (सीएनआय) झाले. तडजोडी मोठ्या होत्या: बिशप नसलेल्यांनी बिशप पत्करला, आणि बालबाप्तिस्मा व प्रौढांचा बाप्तिस्मा दोन्ही ग्राह्य धरले गेले. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. १८८२ मध्ये मुंबईत आलेली साल्व्हेशन आर्मी ही सेवाभावी ख्रिस्ती संघटनाही वेगळीच आहे. खरा पेच पुढे जमिनी आणि इमारतींवरून पडला. सीएनआयत सामील झालेल्या पंथांपैकी ब्रदरन पंथाच्या गुजरातेतील मंडळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, विलीनीकरणाच्या नुसत्या ठरावाने विश्वस्त संस्थेची मालमत्ता सीएनआयकडे जात नाही, असा निकाल दिला.