‘बौद्ध’ लिहिलं तर सवलत जाते?

शाळेचा दाखला असो की जनगणना, धर्माचा रकाना आला की घरातलं कुणी तरी हळूच सांगतं, “हिंदूच लिही बाबा, बौद्ध लिहिलंस तर आरक्षण जाईल.” ही भीती हवेतून आलेली नाही. ती एकेकाळी खरी होती.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरताच होता, त्यात पंजाबातल्या काही शीख जातींचा अपवाद. 1956 मध्ये शिखांचा सरसकट समावेश झाला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली आणि त्या लोकांचा केंद्रातला दर्जा कागदावरून गेला. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राला जाग यायला 1990 उजाडलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द आला.

म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ झाला, कायदा बदललाय. सल्ला मात्र तोच!

घोळ होतो तो दुसरीकडे. धर्म आणि जात हे दोन वेगळे रकाने आहेत. धर्मात ‘बौद्ध’ बिनधास्त लिहा, पण जातीच्या रकान्यातही ‘बौद्ध’च लिहिलं तर अडचण, कारण अनुसूचित जातींच्या यादीत त्या नावाची जातच नाही. तिथे यादीतलं नाव लागतं. ज्याने जात टाकली त्याला ते पुन्हा लिहायला लावणं बोचतं, हे खरंच. ख्रिस्ती किंवा मुस्लिम झालेल्या दलितांना मात्र हा आदेश आजही लागू नाही.