सात ग्रॅम ऑक्सिजनचा हिशोब

निवृत्तीनंतर मी परसात मासे आणि भाजी एकत्र वाढवायला घेतली. तेव्हापासून भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, “म्हणजे माशांची घाण झाडं खातात!” तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे असेल, पण हे वाक्य मला तसंच सोडून देववत नाही. झाडं विष्ठा खात नाहीत. आणि अन्नातला जास्तीचा नायट्रोजन मासा बाहेर टाकतो तो मुख्यतः विष्ठेतून नव्हे, तर कल्ल्यांमधून, अमोनियाच्या रूपात. अमोनिया माशाला विष आहे. झाडं तो थोडाफार उचलतात, पण पालक-टोमॅटोला खरी गोडी नायट्रेटची. अमोनियाचं नायट्रेट कोण करतं, हाच या सगळ्यातला माझा आवडता भाग आहे.

आमच्या मिरजेच्या घरामागे ५०० लिटरची काळी टाकी आहे. तिच्या वर लोखंडी घोडीवर खडीने भरलेला वाफा. पंप टाकीतलं पाणी वाफ्यात चढवतो, ते खडीतून झिरपत परत टाकीत पडतं. अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात ते एवढंच. पहिल्या खेपेला खडीऐवजी घराच्या दुरुस्तीतून उरलेल्या शहाबादी फरशीचे तुकडे भरले, बोअरचं पाणी सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी रोहूची १५ बोटुकली टाकली. नवव्या दिवशी पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. संध्याकाळपर्यंत अकरा गेले.

त्या दिवशी अमावस्या होती. शेजारच्या वहिनींनी कळवळून सांगितलं, “सर, नजर लागली, टाकीला लिंबू-मिरची बांधा.” लिंबू मी घेतलं, पण ते फरशीच्या तुकड्यावर पिळलं. बारीक फेस आला. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक. ती पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क याचं माप) चढा ठेवते, आणि आमचं बोअरचं पाणी मुळातच जड, म्हणजे चुन्याचे क्षार विरघळलेलं. टाकीचा सामू ८.३ निघाला.

इथे थोडं रसायनशास्त्र लागेल. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: विद्युतभार नसलेला अमोनिया आणि भार असलेला अमोनियम. भार नसलेला रेणू कल्ल्याच्या पातळ पडद्यातून सहज आत शिरतो, म्हणून खरा घातकी तोच. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी या घातक रूपाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. सामू ८.३ झाला की तो दहा टक्क्यांवर जातो. मासे तेवढेच, खाद्य तेवढंच, पण विष पंधरा पटींहून जास्त. त्याला तिथीशी काही देणंघेणं नाही.

फरशी काढून काळी खडी भरली. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट. त्यावर लिंबू पिळलं तरी काही होत नाही. पण खडी बदलून निम्मंच काम झालं. उरलेलं निम्मं जिवाणूंचं.

१८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्यून्त्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडकाने भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं. जवळजवळ वीस दिवस खालून अमोनियाच येत राहिला, मग एकदम नायट्रेट यायला लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की नायट्रेट बंद. म्हणजे हे काम वाळूचं नव्हे, तिच्यात वस्तीला आलेल्या जिवांचं होतं. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे काढले आणि दाखवलं की त्यांना साखर, प्रथिनं असं काहीच लागत नाही. अमोनिया ‘जाळून’ मिळणाऱ्या ऊर्जेवर आणि कार्बन डायऑक्साइडवर ते जगतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. ही दोन्ही कामं एकटा करणारा नायट्रोस्पायरा २०१५ मध्ये जगासमोर आला, आणि त्यातला एक सापडला होता तो मत्स्यपालनाचं पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत! हे वाचलं त्या दिवशी मी वाफ्यातला एक खडा उचलून किती तरी वेळ बघत बसलो. बोटाला किंचित बुळबुळीत लागतो, बाकी काही नाही.

या जिवाणूंची ऊर्जेची कमाई तुटपुंजी, त्यामुळे वाढ अतिशय सावकाश. दही एका रात्रीत लागतं. इथे पाच-सहा आठवडे धीर धरावा लागतो. दुसऱ्या खेपेला मी आधी मासे टाकलेच नाहीत. रोज चिमूटभर खाद्य पाण्यात कुजू दिलं आणि सकाळी परीक्षानळीत रंग बघितला. अमोनियाची नळी हिरवी होत गेली, मग नायट्राइटची जांभळी. ३८ व्या दिवशी अमोनियाची नळी स्वच्छ पिवळी आली आणि नायट्राइटची निळी, म्हणजे दोन्ही शून्यावर. त्या दिवशी बोटुकली आणायला गेलो.

आता ऑक्सिजनचा हिशोब. मी दिवसाला ५० ग्रॅम खाद्य घालतो. त्यात ३२ टक्के प्रथिनं, म्हणजे १६ ग्रॅम. प्रथिनांत नायट्रोजन १६ टक्के, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम. त्यातला दीड ग्रॅम अमोनिया होऊन पाण्यात आला असं धरू. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे जिवाणूंनाच दिवसाला जवळजवळ सात ग्रॅम हवा. आणि २८ अंशांच्या एक लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मावतो जेमतेम ७.८ मिलिग्रॅम, सगळ्या टाकीत मिळून चार ग्रॅमसुद्धा नाही. मासे अजून हिशोबात धरलेलेच नाहीत. पाणी सतत हवेत घोळवलं नाही तर गाडा थांबतो, आणि रात्री वीज गेली की घात होतो.

म्हणून छपरावर १०० वॅटचं सौर पॅनेल बसवलं. २५ वॅटचा पंप तासाला पंधरा मिनिटं आणि ५ वॅटचा हवेचा पंप अखंड, असे दिवसाला २७० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची बॅटरी रात्र काढते. जुलैत ढग हटत नाहीत, तेव्हा मुकाट्याने घरची वीज जोडतो.

पंपाने वर चढवलेल्या पाण्यावरच टर्बाइन फिरवून ‘फुकट वीज’ काढल्याचे व्हिडिओ मला आठवड्याला एक तरी येतो. माझ्या टाकीतलं सगळं ५०० लिटर पाणी एक मीटरवरून सोडलं तर ४,९०० ज्यूल मिळतील. त्यावर ९ वॅटचा दिवा नऊ मिनिटं जळेल, तोही काहीच वाया गेलं नाही तर. आणि पाणी वर चढवायला पंप याहून जास्त खाणार. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आठवीच्या मुलांना समजतो. असल्या यंत्रांपायी माणसं कष्टाचे पैसे घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता वर्ष होत आलं. अळू आणि पुदिना उदंड, टोमॅटो मध्यम. नव्या पानांत पिवळेपणा दिसला की लोह कमी पडलं असं समजून चिलेटेड लोह (पाण्यात विरघळून राहणारं, झाडाला घेता येणारं लोह) देतो. नवीन काळजी उलटी आहे. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, त्यामुळे सामू हळूहळू खाली जातो आणि साडेसहाच्या खाली जिवाणू सुस्तावतात. त्यावर उपाय घरातच निघाला. दर रविवारी टाकीत दोन बादल्या पाणी ओततो, त्याच बोअरचं, जड.