चंद्रपूरच्या शेतकऱ्याला जडलेला घोड्याचा रोग

2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा ताप काही केल्या हटेना. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. असे पाच महिने. असा ताप म्हटला की आपल्याकडे पहिला संशय मलेरियाचा. पण काचेवरच्या रक्तात तांबड्या पेशींच्या मधे लांबुडके, शेपटीवाले जीव दिसले. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय! गुरांच्या डॉक्टरांना हा परजीवी चांगलाच माहीत. माणसाच्या रक्तात तो असायलाच नको होता.

हा सर्रा रोगाचा परजीवी. (इंग्रजी कोश या नावाचं मूळ मराठीत, धापेच्या आवाजात शोधतात.) घोडे आणि उंट यात झिजून मरतात: ताप, रक्तक्षय, पायांवर नि पोटाखाली सूज. गाई-म्हशींत तो पुष्कळदा लपून राहतो, नुसतं दूध आटतं किंवा गाभ पडतो. रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या तोंडाला लागलेलं रक्त एका जनावरावरून दुसऱ्यावर नेतात. माशीच्या पोटात तो वाढत नाही; माशी म्हणजे नुसती दूषित सुई.

1880 मध्ये डेरा इस्माईल खान (आता पाकिस्तानात) इथे ग्रिफिथ इव्हान्स या वेल्श पशुवैद्याने आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात तो पाहिला. ते रक्त टोचून निरोगी जनावरांत रोग उतरतो हेही दाखवलं. वरिष्ठांना ते पटलं नाही, कारण असेच जीव उंदरांच्या रक्तात निरुपद्रवी राहत असल्याचं आधी दिसलं होतं. इव्हान्स मात्र शंभर वर्षं जगले, आणि तेच बरोबर ठरल्याचं त्यांना पाहायला मिळालं.

तापाच्या लाटा का येतात? परजीवीच्या अंगावर एकाच प्रथिनाचा दाट अंगरखा असतो. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून बहुतेकांना मारतं, तोवर काहींनी अंगरखा बदललेला असतो. ते वाढतात, ताप पुन्हा चढतो. लस निघाली नाही ती याच बहुरूपीपणामुळे. दोन तापांच्या मधे काढलेल्या रक्तात तो सापडेलच असं नाही. म्हणून ताप चढलेला असताना रक्त घेतलेलं बरं.

मग माणसं एरवी सुटतात कशी? आपल्या रक्तात अ‍ॅपोएल-1 नावाचं प्रथिन असतं. परजीवी ते पोषणाबरोबर गिळतो आणि ते त्याच्या आतल्या पटलांना भोकं पाडतं. त्या शेतकऱ्याच्या गावातल्या 1,806 जणांची तपासणी झाली. काहींमध्ये प्रतिपिंडं होती, म्हणजे परजीवीशी गाठ पडली असावी. पण ज्यांची चाचणी ठळक आली त्यांच्याही रक्तात तो सापडला नाही.

मग हा एकटाच कसा सापडला? उत्तर 2006 मध्ये मिळालं. त्या शेतकऱ्याच्या अ‍ॅपोएल-1 जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि वडिलांकडची, बिघडलेल्या होत्या. प्रथिन बनतच नव्हतं. संशोधकांनी प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात ते बाहेरून मिसळलं, आणि परजीवी मरू लागले. मला यातला हाच प्रयोग सगळ्यांत आवडतो: दोष नेमका कुठे होता, ते एका नळीत दिसलं.

शेतकरी सुरामिन या जुन्या औषधाने बरा झाला. ते औषध परजीवी मारतं, पण नसलेलं प्रथिन काही बनवून देत नाही.